स्वस्त हप्ता की स्वस्त विमा? मोटार विमा घेताना काय पाहावे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदीकाठचा मोठा परिसर पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेल्या मोटारी गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या आणि घराघरांतून विम्याची कागदपत्रे बाहेर आली. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी जलमय झाली तेव्हा याच दृश्याची पुनरावृत्ती झाली. अशा प्रत्येक वेळी वाहनधारकांचा एक प्रश्न कायम असतो: पुराचा समावेश विम्यात आहे, तर मग इंजिनाचे पैसे का नाकारले जातात?

या प्रश्नाचे उत्तर विमापत्रातच छापलेले असते. मात्र विमापत्र वाचण्याची वेळ बहुधा नुकसान झाल्यावरच येते. त्याआधी, दरवर्षीच्या नूतनीकरणाच्या वेळी, हप्ता किती आणि तो कमी कसा होईल, एवढीच चौकशी होते. ती चौकशी रास्त आहे. मोटार विम्याचा खर्च कमी करण्याचे अनेक रास्त मार्ग आहेत. परंतु काही ठिकाणी वाचवलेले पाचशे रुपये पुढे पन्नास हजारांना पडतात. कोठे काटकसर करावी आणि कोठे करू नये, हे समजण्यासाठी विमापत्राची रचना समजून घेणे आवश्यक ठरते.

एका विमापत्रात दोन विमे

मोटार विम्याचे दोन स्वतंत्र भाग असतात. पहिला भाग त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा, म्हणजेच 'थर्ड पार्टी' विमा. आपल्या मोटारीमुळे दुसऱ्याचा मृत्यू झाला, कोणी जखमी झाले किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर त्याची भरपाई या भागातून मिळते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना वाहन रस्त्यावर आणल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यासाठी २ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही आणि पुढच्या गुन्ह्यासाठी ४ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

दुसरा भाग स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा. अपघात, आग, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, दरड कोसळणे आदी कारणांनी आपल्या वाहनाची जी हानी होते, ती या भागात मोडते. त्याला 'ओन डॅमेज' असे म्हणतात आणि तो ऐच्छिक आहे. दोन्ही भाग एकत्र असलेल्या विमापत्राला 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' पॉलिसी म्हटले जाते.

स्वस्त-महाग हा प्रश्न या दुसऱ्या भागापुरताच आहे. २००६ अखेरपर्यंत दोन्ही भागांचे दर ठरलेले असत आणि कोणत्याही कंपनीकडे गेले तरी हप्त्यात फारसा फरक पडत नसे. १ जानेवारी २००७ पासून 'ओन डॅमेज'चे दर मुक्त झाले. 'थर्ड पार्टी'चे दर मात्र सरकारी अधिसूचनेनेच ठरतात आणि सर्व कंपन्यांना सारखेच लागू होतात. १ जून २०२२ पासून अमलात आलेल्या अधिसूचनेत खासगी मोटारींसाठी पुढील वार्षिक दर देण्यात आले: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीवरील मोटारींना ७,८९७ रुपये. त्याच अधिसूचनेत विजेवर चालणाऱ्या मोटारींना १५ टक्के व हायब्रिड मोटारींना साडेसात टक्के सूट देण्यात आली. मोटार विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा भरावा लागतो.

त्यामुळे एखाद्या प्रतिनिधीने थर्ड पार्टी विमा ठरलेल्या दराहून स्वस्त देऊ केला, तर त्याकडे संशयानेच पाहावे. बनावट विमापत्रे बहुधा याच मार्गाने गळ्यात मारली जातात. विमापत्राची नोंद परिवहन खात्याच्या 'एमपरिवहन' या अॅपवर वाहन क्रमांकासह तपासता येते.

सक्तीच्या विम्यात काय नाही

केवळ कायद्यापुरता विमा घेतला की आपण सुरक्षित झालो, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात या विम्यातून स्वतःच्या मोटारीसाठी एक रुपयाही मिळत नाही. मोटार चोरीस गेली, जळाली किंवा पुरात बुडाली तरी नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. खासगी मोटारीतून प्रवास करणारे मालकाचे कुटुंबीय, मित्र किंवा शेजारी यांच्या इजेची वा मृत्यूची जबाबदारी केवळ कायद्यापुरत्या विमापत्रात विमा कंपनीवर येत नाही. ती मोटारीच्या मालकावर येते. पॅकेज पॉलिसीत मात्र अशा सहप्रवाशांचा समावेश होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बाळकृष्णन प्रकरणात स्पष्ट केले. मोटार जुनी झाली म्हणून पॅकेज पॉलिसी बंद करणाऱ्यांनी निदान हा मुद्दा लक्षात घ्यावा. मोटारीची किंमत उतरली, तरी तिच्यात बसणाऱ्या माणसांची जोखीम उतरत नाही.

त्रयस्थाच्या मृत्यू वा दुखापतीबाबत विमा कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेच्या हानीसाठी खासगी मोटारींना साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते. ती ६ हजार रुपयांवर आणून हप्त्यात शंभर रुपयांची सूट घेण्याचा पर्याय जुन्या दरपत्रकापासून चालत आला आहे. शहरातील रस्त्यांवर महागड्या मोटारींची संख्या पाहता, शंभर रुपयांसाठी साडेसात लाखांचे संरक्षण सोडणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो.

मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमाही बंधनकारक आहे. २०१८ मध्ये त्याची किमान रक्कम १५ लाख रुपये करण्यात आली. हा विमा मोटारीशी जोडलेला नसून मालकाशी जोडलेला आहे. एकाच मालकाच्या नावे दोन वाहने असतील तर तो दोनदा घेण्याचे कारण नाही. तसेच १५ लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा स्वतंत्र अपघात विमा असेल तर तसे लेखी कळवून हा हप्ता टाळता येतो. येथे केलेली बचत निखळ बचत असते.

'तीन वर्षांचा विमा' हा गैरसमज

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. विक्रेत्याकडून मिळालेल्या कागदपत्रांवर तीन वर्षांची मुदत दिसते आणि मालक निश्चिंत होतो. परंतु ही मुदत फक्त थर्ड पार्टी भागाची असू शकते. अनेक नव्या मोटारींचा 'ओन डॅमेज' भाग एकाच वर्षाचा असतो आणि पहिल्या वर्षअखेर तो संपतो. त्यानंतर मोटार चोरीस गेली, तर हातात वैध विमापत्र असूनही भरपाई शून्य.

अशा मालकांसाठी १ सप्टेंबर २०१९ पासून स्वतंत्र 'ओन डॅमेज' विमा उपलब्ध झाला आहे. तो मूळ कंपनीकडूनच घेतला पाहिजे, असे नाही. नवी मोटार घेताना विक्रेत्याने सुचवलेल्या कंपनीचाच विमा घेण्याची सक्तीही करता येत नाही. विक्रेत्याचा दर आणि बाहेरून मागवलेला दर यांची तुलना करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. कर्जावर घेतलेल्या मोटारीबाबत एवढेच पाहावे, की विमापत्रावर बँकेच्या बोजाची नोंद झाली आहे.

आयडीव्ही : हप्ता कमी दाखविण्याची सोपी युक्ती

'इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू' अर्थात आयडीव्ही म्हणजे मोटारीची विमित किंमत. मोटार चोरीस गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम याच आकड्यावर ठरते. उत्पादकाच्या विक्री किमतीतून मोटारीच्या वयानुसार घसारा वजा करून हा आकडा काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के असा हा घसारा आहे. त्यापुढील वयाच्या मोटारींची किंमत कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने ठरते.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर मोटार 'टोटल लॉस' म्हणजे पूर्ण निकामी धरली जाते.

आयडीव्ही कमी केली की हप्ता कमी होतो. म्हणूनच दोन कंपन्यांच्या दरांत मोठा फरक दिसला, की आधी आयडीव्ही पाहावी. उदाहरण घेऊ. एका मोटारीची रास्त आयडीव्ही ५ लाख रुपये आहे आणि ती ४ लाख दाखवण्यात आली. जुन्या दरपत्रकात मुंबई, पुणे आदी शहरांच्या 'अ' विभागातील, १००० ते १५०० सीसीच्या आणि पाच वर्षांच्या आतील मोटारीला 'ओन डॅमेज'चा दर ३.२८३ टक्के होता. या दराने एक लाखाच्या फरकावर ३,२८३ रुपये वाचतात. मालकाला ५० टक्के बोनस लागू असेल तर ही बचत सुमारे १,६४० रुपयांवर येते. कंपन्या आता मूळ दरावर स्वतःची सूट देतात, त्यामुळे प्रत्यक्षातील बचत त्याहूनही कमी असू शकते. मोटार चोरीस गेल्यास मात्र पूर्ण एक लाख रुपये कमी हाती येतात.

याउलट आयडीव्ही अवाच्या सवा वाढवूनही लाभ नाही. मोटारीचे वय आणि बाजारातील किंमत यांच्याशी सुसंगत आकडा हाच योग्य आकडा.

घसारा : बिल आणि भरपाई यांतील दरी

अपघातानंतर गॅरेजचे बिल आणि कंपनीने मंजूर केलेली रक्कम यांत मोठी तफावत पडते, तेव्हा वाहनधारकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. बहुतेक वेळा ही तफावत घशाऱ्याची असते. साध्या पॅकेज पॉलिसीत नवे भाग बसवताना जुन्या भागाची झीज वजा केली जाते. रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर, ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के कपात होते. काचेवर कपात होत नाही. धातूच्या भागांवर मोटारीच्या वयानुसार कपात वाढत जाते: दुसऱ्या वर्षात १० टक्के, तिसऱ्या वर्षात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५ आणि त्यानंतर दहा वर्षांपर्यंत ४० टक्के. रंगकामात साहित्याच्या खर्चावर ५० टक्के कपात असते. एकत्रित बिल असल्यास रंगकामाचा २५ टक्के हिस्सा साहित्याचा धरतात.

तिसऱ्या वर्षात असलेल्या, १५०० सीसीच्या आतील एका मोटारीचे बिल नमुन्यादाखल पाहू. प्लास्टिकचा बंपर १२ हजार, धातूचे बॉनेट व फेंडर २० हजार, पुढची काच ८ हजार, रंगकाम १६ हजार आणि मजुरी ७ हजार, असा एकूण खर्च ६३ हजार रुपये आहे. बंपरवर ६ हजार, धातूच्या भागांवर ३ हजार आणि रंगकामावर २ हजार अशी ११ हजारांची कपात होईल. त्याखेरीज प्रत्येक दाव्यात मालकाने सोसायची सक्तीची रक्कम असते. ती १५०० सीसीपर्यंतच्या मोटारींना १ हजार व त्यावरील मोटारींना २ हजार रुपये आहे. म्हणजे करांचा हिशेब बाजूला ठेवला तरी मालकाच्या खिशातून १२ हजार रुपये जातील आणि कंपनी ५१ हजार देईल.

'झीरो डेप्रिसिएशन' हा पूरक विमा घेतल्यास वरील ११ हजारांची कपात टळते. सक्तीचे १ हजार रुपये मात्र द्यावेच लागतात. आधुनिक मोटारींत प्लास्टिकचे भाग वाढल्याने पहिली पाच वर्षे हा पूरक विमा बहुतांश शहरी वाहनधारकांना उपयोगी पडतो. एका वर्षात किती दावे मंजूर होतील, याची मर्यादा कंपनीनुसार बदलते. ती आधी विचारून घ्यावी.

पुराचे पाणी आणि इंजिन

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. पुराने झालेली हानी 'ओन डॅमेज' भागात समाविष्ट असते. उभ्या मोटारीत पाणी शिरले, आसने, गालिचे वा वायरिंग खराब झाले, तर त्याची भरपाई अटींनुसार मिळते. वाद उद्भवतो तो इंजिनाबाबत. इंजिनात पाणी असताना मोटार सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तर सिलिंडरमधील पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. विमा कंपन्यांच्या मते हे नुकसान पुराने थेट झालेले नसून मोटार सुरू केल्यामुळे झालेले 'परिणामी नुकसान' असते आणि साध्या पॉलिसीत परिणामी नुकसान स्पष्टपणे वगळलेले असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय 'इंजिन प्रोटेक्शन' या पूरक विम्याचा. सखल भागात राहणाऱ्या, तळघरात मोटार लावणाऱ्या किंवा पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या वाहनधारकाने तो घेणे शहाणपणाचे. उंचावरील वस्तीत, मोकळ्या जागेत मोटार लावणाऱ्याला त्याशिवाय चालू शकते.

दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे. पाण्यात बंद पडलेली किंवा बुडालेली मोटार सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. पाण्याची पातळी दिसेल अशी छायाचित्रे काढावीत, कंपनीला कळवावे आणि मोटार ओढून गॅरेजमध्ये न्यावी. 'एकदा चावी फिरवून पाहू' हा मोह सर्वांत महागात पडतो.

अन्य पूरक विम्यांपैकी 'रिटर्न टू इनव्हॉइस' नव्या मोटारींसाठी आहे. मोटार चोरीस गेल्यास किंवा पूर्ण निकामी झाल्यास आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाइतकी रक्कम त्यातून मिळते. तेल, नट-बोल्ट, कूलंट अशा वस्तूंचा खर्च 'कन्झ्युमेबल्स'मध्ये येतो. किल्ली हरवणे, मोटारीतील सामानाची चोरी आदी पूरक विमे गरज पाहूनच घ्यावेत. रस्त्यावरील मदतसेवा मोटार कंपनीकडून आधीच मिळत असेल तर तिच्यासाठी पुन्हा पैसे मोजू नयेत.

बोनस जपावा

एका वर्षात एकही दावा केला नाही तर पुढील वर्षी 'ओन डॅमेज' हप्त्यावर 'नो क्लेम बोनस' मिळतो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्के अशी त्याची चढण आहे. थर्ड पार्टी हप्त्यावर तो लागू होत नाही. एक दावा केला की बोनस शून्यावर येतो.

म्हणून किरकोळ दावा करण्यापूर्वी हिशेब मांडावा. 'ओन डॅमेज'चा मूळ हप्ता ८ हजार रुपये आहे आणि ५० टक्के बोनस मिळत आहे, असे समजू. दावा केल्यास पहिल्या वर्षी ४ हजार, दुसऱ्या वर्षी २,४००, तिसऱ्या वर्षी २ हजार, चौथ्या वर्षी १,२०० आणि पाचव्या वर्षी ४०० असे एकूण १० हजार रुपये अधिक भरावे लागतात. मोटार जुनी होत जाते तसा मूळ हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी असेल. तरीही तीन-चार हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करणे परवडत नाही, हे यावरून दिसते. वारंवार लहान दावे होण्याची शक्यता असेल तर बोनस राखणारा पूरक विमाही मिळतो.

बोनस मोटारीचा नसून मालकाचा असतो. जुनी मोटार विकून नवी घेताना कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घ्यावे. ते तीन वर्षांपर्यंत चालते. ५० टक्के बोनस असलेल्या मालकाने ते न घेता नव्या मोटारीचा विमा उतरवला, तर मोठी रक्कम हातची जाते. कंपनी बदलली तरी बोनस कायम राहतो. विमापत्राची मुदत संपून ९० दिवस उलटले तर मात्र तो बुडतो. पूर्वी दावा झालेला असताना 'दावा नाही' असे लिहून बोनस घेऊ नये. खोटी माहिती उघड झाल्यास 'ओन डॅमेज'चा दावाच धोक्यात येतो.

खरी बचत कोठे होते

हप्ता कमी करण्याचे रास्त मार्ग पुढीलप्रमाणे सांगता येतील.

समान आयडीव्ही, समान पूरक विमे आणि समान कपाती धरून किमान तीन कंपन्यांचे दर मागवावेत. अटी वेगळ्या असतील तर तुलनेला अर्थ राहत नाही.

मोटार घेतल्यापासून क्वचितच दावा केलेल्या चालकाने ऐच्छिक कपातीचा पर्याय पाहावा. प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम स्वतः सोसण्याची तयारी दाखवली की हप्त्यात सूट मिळते. ती रक्कम अचानक उभी करणे शक्य असेल तरच हा पर्याय योग्य.

लोकल वा मेट्रोने कामावर जाणाऱ्या आणि केवळ सुटीच्या दिवशी मोटार काढणाऱ्यांसाठी वापरानुसार हप्ता आकारणारे विमे आहेत. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्यांना वाट मोकळी करून दिली. त्याच वेळी एका मालकाच्या अनेक वाहनांसाठी एकत्रित विम्यालाही परवानगी मिळाली.

मोटार बरीच जुनी असेल तर थर्ड पार्टीसोबत केवळ आग व चोरीपुरते संरक्षण देणारे विमापत्र उपलब्ध आहे का, हे विचारावे.

जुनी मोटार घेताना

मोटारीची मालकी बदलली की थर्ड पार्टी विमा कायद्याने नव्या मालकाकडे जातो. 'ओन डॅमेज' भाग आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हे स्पष्ट केले आहे. कायद्यानुसार नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलासाठी अर्ज करावयाचा असतो. विक्रेत्याचा बोनस खरेदीदाराला मिळत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. ती वाचवण्यासाठी विमा जुन्या मालकाच्या नावावरच चालू ठेवणारे खरेदीदार अपघातानंतर अडचणीत येतात.

विक्रेत्यालाही धोका आहे. परिवहन कार्यालयात जोवर नोंदणी बदलत नाही, तोवर नोंदणीकृत मालक म्हणून त्याचीच जबाबदारी राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात दिला. मोटार विकून पैसे घेतले म्हणजे सुटका झाली, असे समजता येत नाही.

मोटारीत बाहेरून सीएनजी किट बसवले असेल तर त्याची नोंद नोंदणी पुस्तकात आणि विमापत्रात, दोन्हीकडे असावी. खासगी मोटार भाड्याने चालवणे हेही विमापत्रातील वापराच्या मर्यादेचे उल्लंघन ठरते.

दाव्याच्या वेळी

अपघातानंतर कंपनीला तात्काळ कळवावे. कोणी जखमी झाले असेल किंवा मोटार चोरीस गेली असेल तर पोलिसांत तक्रार अनिवार्य समजावी. कंपनीच्या संमतीशिवाय समोरच्याशी परस्पर तडजोड करू नये वा चूक मान्य करणारे लेखी देऊ नये. सर्वेक्षकाने पाहणी करण्याआधी दुरुस्ती सुरू करू नये. चालकाचा परवाना वैध नसणे आणि मद्यपान करून वाहन चालवणे ही 'ओन डॅमेज'चा दावा नाकारला जाण्याची ठळक कारणे आहेत.

प्राधिकरणाच्या २०२४ मधील परिपत्रकानुसार दाव्याची सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमला जावा, त्याचा अहवाल १५ दिवसांत मिळावा आणि अहवालानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, अशी मुदत आहे. त्यामुळे सूचना दिल्याचा क्रमांक व तारीख जपून ठेवावी.

चोरीच्या दाव्यात मोटारीच्या दोन्ही चाव्या मागितल्या जातात. एक चावी हरवलेली असेल तर ती बाब आधीच कळवून नोंदवून ठेवणे हिताचे. तपासात मोटार न सापडल्यास पोलिसांचा अंतिम अहवाल, ज्याला महाराष्ट्रात 'ए समरी' म्हणतात, तोही लागतो. पोलिसांत तात्काळ तक्रार दिलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून चोरीचा खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदरसिंग प्रकरणात म्हटले आहे.

दावा नाकारल्यास कंपनीकडून लेखी कारण मागावे आणि प्रथम तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत दाद मागता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, शुल्क लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा आदेश ते देऊ शकतात. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

नूतनीकरणापूर्वी तपासा

- 'ओन डॅमेज' आणि थर्ड पार्टी या दोन्ही भागांच्या मुदतीच्या तारखा
- आयडीव्ही मोटारीच्या वयाशी जुळते का
- मालमत्ता हानीची मर्यादा साडेसात लाख आहे की ६ हजार
- झीरो डेप्रिसिएशन आणि इंजिन प्रोटेक्शन यांची गरज व अटी
- बोनसची टक्केवारी बरोबर आहे का
- अपघात विमा दोनदा घेतला जात नाही ना
- इंजिन व चॅसी क्रमांक, मालकाचे नाव, सीएनजी किट आणि कर्जाच्या बोजाची नोंद
- घराजवळचे कोणते गॅरेज कंपनीच्या विनारोख सेवेच्या यादीत आहे
- हप्त्याचे पैसे कंपनीच्याच नावे भरले गेले का

ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. मुदत संपण्याच्या आदल्या रात्री घाईने पैसे भरण्याऐवजी दोन आठवडे आधी ती उरकली, तर दर मागवायलाही वेळ मिळतो आणि विमापत्राची पाने उलटायलाही. मुंबई-पुण्यातील वाहनधारकाने तर हे काम शक्यतो पावसाळ्यापूर्वी पूर्ण करावे. पाणी दाराशी आल्यावर विमापत्रातली एकही ओळ बदलता येत नाही.